पडवळांचा इमानतळ

आकाशातून विमान गेलं की आमच्या कंपनीच्या स्टोअरमधली फोर्कलिफ्ट थांबते. हा काही सुरक्षेचा नियम नाही. ती फोर्कलिफ्ट नामदेव पडवळ चालवतात, एवढंच त्याचं कारण. काट्यांवर मालाचं पॅलेट अधांतरी असो, मागं ट्रकवाला हॉर्न वाजवत असो, सुपरवायझर लांबून हातवारे करत असो, पडवळ चावी बंद करणार, शेडबाहेर मान काढणार, आवाज विरेपर्यंत वर बघणार आणि जाहीर करणार, "दुबईला चाललं."

सगळी विमानं दुबईला. एकदा मी मोबाइलवर शोधून सांगितलं, "दादा, हे नागपूरहून बेंगळुरूला चाललंय." त्यांनी माझ्याकडं जरा कणवेनं पाहिलं. "मंग तिथनं जाईल," म्हणाले आणि काटे खाली घेतले.

मी त्याच कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो. मूळचा लातूरकडचा, राहायला पिंपरीजवळ काळेवाडीत, येणं-जाणं कंपनीच्या बसनं. पडवळ इथलेच. चाकणच्या पुढं डोंगराच्या कडेला त्यांची वस्ती आहे, थोडी शेती आहे, आणि शिफ्ट संपली की ते कांद्यात असतात. कंपनीत त्यांना सगळे कॅप्टन म्हणतात. म्हणणारे चेष्टेनं म्हणतात, पण पडवळ ती हाक मानानं घेतात. ट्रकमध्ये माल चढवण्याआधी ते ड्रायव्हरला बजावतात, "पट्टा लावा, उड्डान हाय." आणि झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसं पॅलेट ठेवतात. मग वळून विचारतात, "गचका लागला का?"

हा गचका म्हणजे त्यांचा जन्माचा वैरी. जगातल्या सगळ्या गोष्टींचं मोजमाप ते गचक्यावर करतात. माझी बस बदलली तेव्हा त्यांनी विचारलं, नव्या ड्रायव्हरचा गचका कसा आहे. स्टोअरमधल्या एकाचं लग्न झालं, तो सुट्टीवरून परतला, तर ह्यांचा पहिला प्रश्न, लग्नात काही गचका तर नाही ना बसला? प्लांटचे मोठे साहेब एकदा भाषण करता करता मध्येच पुढचं विसरले. सभेत शांतता पसरली. त्या शांततेत मागून पडवळांचा आवाज आला, "गचका." पगारवाढ त्या वर्षी यथातथाच झाली, पण त्याला तेच कारण होतं असं मी म्हणणार नाही.

विमानाचं वेड त्यांना कुठून लागलं हे कळायला मला बरेच महिने लागले.

त्यांच्या शिवारात कधीकाळी विमानतळ येणार होता. मोजणीवाले आले, दगडांवर लाल फुल्या मारून गेले, आणि वस्तीत दोन तट पडले. पडवळ विमानतळाच्या बाजूचे. जमीन एकदाच द्यायची तर विमानाला द्यावी, गोडाऊनला देण्यात काय शान आहे, असं त्यांचं म्हणणं. शिवाय एका वर्षी त्यांचा कांदा दुबईला गेल्याचं व्यापाऱ्यानं सांगितलं होतं. तेव्हापासून वावरातून थेट विमानात चढणाऱ्या कांद्याच्या गोण्या त्यांना दिसत होत्या.

विरोधी तटाचा पुढारी होता सोपान. पडवळांचा चुलतभाऊ, बरोबरीचा, दोघांच्या वावरांमध्ये एक बांध, आणि सोपानच्या बाजूची विहीर दोघांत सामाईक. शाळेला दोघं एकाच सायकलवरून जायचे, एकानं पायडल मारायचं, दुसऱ्यानं हँडल धरायचं. सोपाननं ग्रामसभेत उभं राहून सांगितलं, की काही झालं तरी मी वावर देणार नाही. पडवळ म्हणाले, ह्याच्या चार आंब्यांपायी तालुक्याचं नुकसान होतंय. त्यावर सोपान म्हणाला, तू आधी विमानात बसून तरी बघ आणि मग आम्हाला शिकव. सभा हसली. पडवळ तोवर विमानात बसले नव्हते. अजूनही नाहीत.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. पुढं विमानतळ तिसरीकडंच कुठं तरी गेला. फुल्या मारलेले दगड राहिले, त्यातल्या एकावर सिंधूवहिनी, म्हणजे पडवळांच्या पत्नी, धुणं धुतात. आणि अबोला राहिला. सामाईक विहिरीवर मोटार कुणी कधी चालवायची हे ठरवायला तरी बोलावंच लागतं, त्याची त्यांनी सोय केली होती. पडवळ बांधावर येऊन आपल्या म्हशीला मोठ्यानं सांगत, की आज दुपारपातुर पानी आपलं बरं का. पलीकडून सोपान आपल्या कुत्र्याला सांगे, की दुपारनंतर आपलं. म्हैस आणि कुत्रा दोघंही समंजस, त्यामुळं पाण्यावरून कधी तंटा झाला नाही.

माझ्या मुलाच्या बारशाला पडवळ काळेवाडीला आले. जेवणाची पंगत बसायची होती, म्हणून मी त्यांना आतल्या खोलीत बसवलं. तिथं माझ्या लॅपटॉपवर विमान चालवायचा सिम्युलेटर होता. पडद्यावर खरं वाटावं असं आकाश, खाली खरी वाटावी अशी जमीन, समोर विमानाची सगळी घड्याळं. पडवळ जेवायचं विसरले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ह्याच्यात आमचं वावार दिसंल का?"

मी जागा शोधून काढली. वरून डोंगर दिसला, ओढा दिसला, मग एक तपकिरी-हिरवा तुकडा आला. पडवळांनी त्यावर बोट ठेवलं. "हितं उतरवा."

मी म्हणालो, "दादा, इथं धावपट्टी नाही."

"तेच तर," पडवळ म्हणाले.

महिनाभरात त्यांनी कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. वाकडला एक आयटीवाला परदेशी जायला निघाला होता, त्याचा दणकट कॉम्प्युटर आम्ही जाऊन आणला. रिक्षात पडवळांनी तो मांडीवर धरला होता आणि प्रत्येक गतिरोधकाला स्वतःच उठत होते, गचका त्याला बसू नये म्हणून. घरी जुन्या ट्रॅक्टरची सीट होती, ती त्यांनी एका लोखंडी ड्रमवर बसवून घेतली. समोर टेबल, टेबलावर विमान वळवायचा दांडा. झालं विमान.

पण ते उडेना. म्हणजे उडे, पण अडखळत. पुढं सरके, थांबे, एकदम पुढं जाऊन पडे. आयुष्यभर ज्या माणसानं ट्रकवाल्यालासुद्धा गचका बसू दिला नाही, त्याच्या वाट्याला हे आलं. सोमवारी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "सर, हे इमान हाय का बैलगाडी? आन बैलगाडी म्हनावं तर बैल बरं चालत्यात."

तिथून माझे रविवार गेले. मी सकाळी काळेवाडीहून मोटारसायकल काढायचो, चाकणची गर्दी ओलांडून वस्तीवर पोचायचो, आणि दुपारी वहिनींच्या हातच्या मासवड्या खाऊन परतायचो. मासवड्या नसत्या तर मी इतका चिवट निघालो असतो की नाही, सांगता येत नाही.

पहिल्याच रविवारी मी बघितलं, तर चित्र किती बारकाईनं दिसावं हे ठरवणाऱ्या पडद्यावरच्या सगळ्या सरकपट्ट्या पडवळांनी शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलेल्या. सावल्या सगळ्यांत दाट, ढग सगळ्यांत भरगच्च, पाण्यावर प्रतिबिंब, गवताची पातीसुद्धा वेगळी. मी समजावलं, की कॉम्प्युटरला दर क्षणी हे सगळं नव्यानं काढावं लागतं, म्हणून तो धापा टाकतो. थोडं कमी करू. तर त्यांनी एकेका पट्टीवर अशी घासाघीस केली की पिंपरीच्या मार्केटमध्ये कुणी करणार नाही. सावल्या कमी करतो म्हटलं, तर लोकांना ऊन लागेल म्हणाले. रस्त्यावरच्या मोटारी काढतो म्हटलं, तर चाकणचा रस्ता आणि मोकळा, हे कुणाला खरं वाटेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. ढगांवरचा हक्क मात्र त्यांनी लगेच सोडून दिला. कांदा वाळत घातलेला असताना ढग नकोतच, ते सगळे काढून टाका म्हणाले.

गचके कमी झाले, पण गेले नाहीत. थोडा वेळ विमान सुरळीत चाले आणि मग मशीन तापून पुन्हा रडायला लागे. दुसऱ्या रविवारी मी कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण उघडलं. आत कांद्याचे पापुद्रे. पंख्याच्या पात्यांना, जाळीला, सगळीकडं गुलाबी, पातळ पापुद्रे चिकटलेले. पडवळांनी कॉम्प्युटर कांद्याच्या खोलीत ठेवला होता, कारण तिथं शांतता होती. पंखा हवा ओढत होता आणि हवेबरोबर कांदा. मी फुंकर घातली तसे ते खोलीभर उडाले, आणि वहिनी झाडणी घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, की ह्यांचा कांदा दुबईला न्हाई गेला तरी कंप्युटरमंदी गेला. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत आला.

मग मी पिंपरीहून मेमरीची दुसरी पट्टी आणि नवी वेगवान डिस्क आणून बसवली. मागं गुपचूप चालणारे नाना प्रोग्राम बंद केले. पण वीज हा प्रश्न माझ्या हातातला नव्हता. विहिरीवरची मोटार सुरू झाली की दिवे क्षणभर मिचकत आणि कॉम्प्युटर बंद पडे. स्टॅबिलायझर लावला, तरी त्या एका क्षणाचं काही खरं नसे. आपली मोटार बंद ठेवणं पडवळांच्या हातात होतं. सोपानची बंद ठेवणं नव्हतं. मी म्हणालो, त्यांच्याशी एकदा बोलून घ्या. पडवळांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. पुढच्या रविवारी भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं, की दुपारनंतर उड्डाण नाही.

एवढं झाल्यावर मात्र विमान चालायला लागलं. लोण्यातून सुरी फिरावी तसं. पडवळ पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून उडाले, मुंबईवरून गेले, समुद्रावर गेले, आणि गचका नाही. सोमवारी त्यांनी अख्ख्या स्टोअरला पेढे वाटले. कुणी विचारलं, काय झालं कॅप्टन, तर सांगत होते, "गचका गेला." लोकांना वाटलं, पाठदुखी गेली.

आता खरं काम सुरू झालं. जमिनीवर धावपट्टी, घरं, झाडं मांडायचा एक वेगळा प्रोग्राम असतो. मी तो एकदा शिकवला, पडवळ मोबाइलवर व्हिडिओ बघून पुढं शिकले, अर्ध्याहून जास्त चुकीचं. त्यांची पहिली धावपट्टी ओढ्यात गेली. दुसरी हवेत तरंगत होती, तिच्यावरून खाली उतरायला शिडी लागली असती. तिसरी जमिनीवर आली, पण आखूड आणि तिरकी. मी म्हणालो, "दादा, हिला सरळ करून पलीकडं वाढवा. एवढी जागा आहे की."

"त्ये सोपानचं वावार हाय."

"हो, पण इथं कॉम्प्युटरमध्ये..."

"त्यानं देनार न्हाई म्हनून सांगितलंय," पडवळ म्हणाले. "न्हाई म्हंजी न्हाई. आपन काय सरकार हाय का?"

धावपट्टी आखूड आणि तिरकीच राहिली. तिच्यावर उतरायचं तर सोपानच्या आंब्यांच्या शेंड्यावरून यावं लागे आणि आंबे संपले की चटकन खाली बसावं लागे. पुष्कळ दिवस ते जमलं नाही. सोमवारी बसमधून उतरलं की गेटवर पडवळ भेटत आणि मी न विचारताच सांगत, "सोपानच्या हिरीत गेलो."

मग त्यांनी वस्ती मांडायला घेतली. घरोघर फिरून मोबाइलवर फोटो काढले. लोक विचारत कशाला, तर म्हणत, इमानतळाचं काम हाय. लोक हसत. पडवळ फोटो काढून पुढच्या घराकडं वळत. सोपानच्या घरी मात्र जाता येईना, तर वहिनींनी मला सांगितलं, की हे आपल्या पाण्याच्या टाकीवर चढून तिथून त्याच्या घराचे फोटो काढतात. कुत्रा भुंकला की खाली बसतात.

वस्ती उभी राहिली आणि गचका परत आला. बाकी सगळं जग गुळगुळीत. मोशी गेली, इंद्रायणी गेली, चाकणच्या कंपन्यांची पत्र्यांची छपरं गेली, आणि विमान वस्तीवर उतरायला लागलं की नेमकं तिथं अडखळायचं. पडवळ खचले. मी तपासलं, तर त्यांनी प्रत्येक घरावर मोबाइलचे मूळ फोटो जसेच्या तसे चढवलेले. एकेका भिंतीचं वजन अख्ख्या शहराएवढं. मी ते सगळे लहान करून दिले. गचका पुष्कळ कमी झाला, पण चाकं टेकायच्या वेळचा तेवढा राहिला.

मग मी एकेक गोष्ट तात्पुरती झाकून बघितली, तेव्हा कळलं की सगळ्यांत जड सोपानचं वावर आहे. प्रत्येक आंब्याला फांद्या वेगळ्या, कांद्याची चाळ, विहीर, शेळ्या, बांधावरची बाभळ. मी सांगितलं, की ह्यातली निम्मी झाडं काढली तर प्रश्न मिटला. कुणाला कळणारसुद्धा नाही.

पडवळांनी पडद्यावरच्या एका आंब्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "त्याचं झाड आपन कसं काढायचं?"

मी एवढंच म्हणालो, की मग कुठलं तरी दुसरं वजन कमी करा, ह्याहून जास्त मला काही करता येण्यासारखं नाही. मासवड्या त्या दिवशी मला गोड लागल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात पडवळांनी फोर्कलिफ्ट थेट माझ्या खिडकीपाशी आणून उभी केली. गचका गेला होता. पार गेला होता. कसा घालवला विचारलं, तर हसून म्हणाले, की केलं जरा इकडचं तिकडं. येत्या रविवारी उद्घाटन आहे, सरपंचबाई येणार आहेत, तुम्ही पण या.

मी गेलो तर दारात मांडव. कुणाकडून तरी मोठा टीव्ही आणून कॉम्प्युटरला जोडलेला, टीव्हीला लाल फीत बांधलेली. खोलीत, खिडकीत, अंगणात माणसं. ज्यांनी ग्रामसभेत हसून घेतलं होतं ते सगळे आले होते, पुन्हा हसायला मिळेल म्हणून. एक आजीबाई तिकीट किती विचारत होत्या. पडवळांनी पांढरा शर्ट घातला होता आणि केसांना तेल लावलं होतं. सरपंचबाई मात्र आल्या नव्हत्या. त्या दुसऱ्या एका उद्घाटनाला अडकल्या होत्या. सकाळ गेली, ऊन डोक्यावर आलं. सिंधूवहिनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, की दुपार झाली, आता पाण्याची पाळी तिकडची. सोपानभावजी कधीही मोटार लावतील.

मी पडवळांकडं पाहिलं. त्यांनाही ते कळलं होतं. सरपंचबाई आल्या, फीत कापली, नारळ टीव्हीवर फोडायला निघालेल्या दोघांना आवरून तो बाहेर पायरीवर फोडला, तोवर पाळी सुरू होऊन गेली होती. पडवळ ट्रॅक्टरच्या सीटवर बसले. त्यांनी विमान लोहगावहून उचललं.

लोक सुरुवातीला खुसखुसत होते. मग खाली भोसरी दिसली आणि कुणी तरी म्हणालं, आरं ही तर भोसरी. इंद्रायणी आली तसे दोघातिघांनी हात जोडले. चाकणचा चौक ओळखू आला तेव्हा खुसखुस थांबली. मी दिव्याकडं बघत होतो. तो मिचकला की सगळं संपलं.

दिवा मिचकला नाही. मी दाराकडं पाहिलं आणि त्याचं कारण दिसलं. उंबऱ्याबाहेर एक उंच, वाळका माणूस पायातल्या वहाणांसकट उभा होता, आलोय पण थांबणार नाही अशा बेतानं. लोक आपोआप थोडे सरकले. हा सोपान, हे मला कुणी सांगायला लागलं नाही. मोटार चालू करायची ती न करता तो इथं आला होता. पडवळांनी मान वळवली नाही. पण त्यांचे कान लाल झाले.

डोंगर जवळ आला. वस्ती दिसायला लागली आणि मागचे लोक टाचा उंचावून बघायला लागले, कारण घरं खरी होती. आंब्यांचे शेंडे आले. पडवळांनी त्यांच्यावरून विमान असं आणलं की पानाला धक्का लागला नसेल. आंबे संपले. विमान खाली बसलं, चाकं टेकली, आणि ती तिरकी, आखूड धावपट्टी संपता संपता ते थांबलं. कुठंही, काहीही अडखळलं नाही.

पडवळ वळले. "गचका लागला का?"

मग मागून शाळेचे म्हातारे गुरुजी म्हणाले, "न्हाई, नामदेवा. न्हाई लागला." आणि मग टाळ्या सुरू झाल्या. बाया, पोरं, सरपंचबाई, हसायला आलेले, सगळे वाजवत होते. कुणी तरी पडवळांना हार घातला, कुणी मला घातला. त्यानंतर प्रत्येकाला आपलं घर बघायचं होतं. पडवळ वस्तीवरून कॅमेरा फिरवत होते आणि आमची चूल, आमचा नळ, आमची मोटारसायकल, असा गलका चालला होता. ज्यांनी त्यांना येडं म्हटलं होतं, ते आता आपल्या घराला रंग नवा दिलाय, तो घाला म्हणून मागं लागले होते. पडवळ सगळ्यांना घालतो म्हणत होते. मी त्यांना एवढं खूश कधीच पाहिलं नव्हतं.

लोक अंगणात जेवायला गेले. खोलीत पडवळ, मी आणि उंबऱ्याबाहेर सोपान. पडवळ उगाच एक वायर गुंडाळत बसले.

"माझं वावार दाव," सोपान बाहेरूनच म्हणाला.

पडवळांनी कॅमेरा बांधापलीकडं नेला. विहीर आली, शेळ्या आल्या, चाळ आली. सोपान मान पुढं काढून बघत होता.

"पत्र्यावरचा टायर पन घातलास?"

"न्हाई तर इमानाच्या वाऱ्यानं पत्रा उडंल," पडवळ म्हणाले.

सोपाननं वहाणा काढल्या आणि तो आत आला. पार टीव्हीला नाक लागेल इतका जवळ गेला. त्याचं बोट पडद्यावरून हळूहळू फिरत होतं; आंबे, बाभळ, बांध. बांध ओलांडून ते अलीकडं आलं आणि थांबलं. तिथं नुसती मोकळी जमीन होती.

"तुझं घर कुठाय?"

पडवळ पुन्हा वायर गुंडाळायला लागले.

"नामदेवा, घर कुठाय तुझं?"

"काढलं."

"काढलं म्हंजी?"

"लय जड हुतं. गचका बसत हुता."

मीही तेव्हाच पाहिलं. घर नव्हतं, गोठा नव्हता, म्हैस नव्हती, ट्रॅक्टर नव्हता. अख्ख्या वस्तीत सगळ्यांची घरं जागच्या जागी होती आणि ज्यानं विमानतळ आणला त्याचं तेवढं नव्हतं. कुठलं तरी वजन कमी करा, असं मीच सांगितलं होतं. त्यांनी केलं होतं.

सोपाननं त्या मोकळ्या जमिनीवरून बोट परत बांधापलीकडं नेलं. मग म्हणाला, "माझं खालच्या अंगाचं दोन आंबं काढ."

"न्हाई."

"आरं त्येला मोहोर येत न्हाई. नुसती जागा खात्यात."

"येईल मोहोर."

"माझी झाडं हायेत, मी सांगतोय ना काढ म्हनून. आन तिथं तुझं घर घाल. गोठ्यासकट."

"तुझ्या झाडांला मी हात लावनार न्हाई," पडवळ म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला.

"मंग सरक, मी काढतो. कंचं बटन हाय?"

मी हळूच बाहेर सटकलो. अंगणात सिंधूवहिनी आणि सोपानची बायको मिळून वाढत होत्या. वहिनींनी हातातली पळी थांबवून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, आत काय चाललंय. मी म्हणालो, भांडण. त्या क्षणभर कान देऊन ऐकत राहिल्या. आतून दोघांचे आवाज एकमेकांवर चढत होते. मग त्या जावेकडं वळल्या.

"दोन ताटं झाकून ठेव गं," म्हणाल्या. "येळ लागंल त्यान्ला."